सराई एक, दरवाजे तीन

'ड्रॅगन्स ऑफ ऑटम ट्वायलाइट' ही कादंबरी नोव्हेंबर १९८४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली. मार्गरेट वाइस आणि ट्रेसी हिकमन हे तिचे लेखक. ड्रॅगन, जादूगार, बुटके, एल्फ, पाठ फिरवून गेलेले देव आणि एका निळ्या स्फटिकाच्या काठीमागे लागलेले शत्रू, असा साहसकथेचा सगळा ऐवज तिच्यात आहे. 'ड्रॅगनलान्स' मालिकेतली ही पहिली कादंबरी. पुढे अनेक लेखकांनी मिळून या मालिकेत दीडशेहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या.

ही कादंबरी वाचलेल्या चौघांना तिच्याबद्दल विचारलं, तर साधारण अशी उत्तरं येतात. पहिला सांगतो, चौदाव्या वर्षी हे पुस्तक हाती लागलं आणि वाचनाचं वेड लागलं ते कायमचं. दुसरा म्हणतो, साठ पानांपुढे काही जाववलं नाही. तिसरीला ते टोलकीन या लेखकाचं उष्टं वाटतं. चौथा म्हणतो, कथा ठीकच आहे, पण तो रेस्टलिन नावाचा जादूगार आजही डोक्यातून जात नाही. चौघांनी वाचलेली पानं तीच आणि शब्दही तेच.

'व्यक्ती तितक्या प्रकृती' म्हणून आपण असे वाद मिटवून टाकतो. पण त्यात काहीतरी निसटतं. अशा मालिकांवरच्या मतभेदांकडे नीट पाहिलं, तर ते कुठेही, कसेही होत नाहीत. ठरावीक जागीच ठिणगी पडते. ती जागा कशामुळे तयार होते हे कळलं, तर दुसऱ्याचं मत हे नुसतं 'आवडलं' किंवा 'नाही आवडलं' एवढंच उरत नाही. पुस्तकाबद्दल आणि वाचणाऱ्याबद्दल ते बरंच काही सांगू लागतं. त्यासाठी आधी या पुस्तकांची जातकुळी पाहायला हवी.

सामाईक विहिरीचं पाणी

सातबाऱ्यावर 'सामाईक विहीर' अशी नोंद असते. विहीर चौघा भावांची. प्रत्येकाने आपापल्या शेताला पाणी न्यावं, ऊस लावावा की भाजीपाला हे ज्याचं त्याने ठरवावं. पण पाळी मोडायची नाही, कठडा पाडायचा नाही आणि पाण्यात घाण टाकायची नाही.

सामाईक विश्वातली कादंबरी अशीच असते. एक कल्पित जग ठरवलेलं असतं. त्याचा नकाशा, इतिहास, देव, भाषा, जादूचे नियम सगळ्यांसाठी एकच. त्या जगात वेगवेगळे लेखक आपापल्या कथा लिहितात. टोलकीनच्या 'मिडल-अर्थ' या कल्पित जगाचा मालक आणि माळी एकच होता. इथे माळी पुष्कळ असतात.

ड्रॅगनलान्सच्या जगाचं नाव क्रिन. तिथे तीन चंद्र आहेत, पांढरा, तांबडा आणि काळा. जादूगारांचे तीन पंथ या चंद्रांशी बांधलेले आणि त्यांचे झगेही त्याच तीन रंगांचे. एखाद्या लेखकाला हिरव्या झग्याचा जादूगार कितीही सुचला, तरी त्यासाठी त्याला चौथा चंद्र टांगता येत नाही. हे नियम एका वहीत नोंदवलेले असतात. या धंद्यातले लोक तिला 'बायबल' म्हणतात. नवी कथा वहीशी जुळते की नाही हे पाहायला संपादक असतो.

ही पद्धत लोकप्रिय करणाऱ्या पुस्तकांत रॉबर्ट लिन अ‍ॅस्प्रिन यांनी संपादित केलेल्या, १९७९ साली निघालेल्या 'थीव्ह्ज वर्ल्ड'चं नाव येतं. सँक्चुअरी नावाचं एक बकाल शहर, त्यात अनेक लेखकांच्या कथा, आणि एकाचं पात्र दुसऱ्याच्या कथेत खुशाल डोकावतं. कॅनडातले ग्रंथालय कर्मचारी एड ग्रीनवुड यांनी लहानपणापासून मनात रचलेलं 'फॉरगॉटन रेल्म्स' हे जग १९८७ साली प्रकाशात आलं. पुढच्याच वर्षी त्यात आर. ए. साल्वातोरे यांची 'द क्रिस्टल शार्ड' आली आणि ड्रिझ्ट नावाचा काळ्या कातडीचा एल्फ घरोघरी पोचला.

विहिरीच्या उपमेत एक गोष्ट मात्र वेगळी आहे. इथे बहुधा विहीर खणणारा एक असतो आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर असतो. क्रिन हे जग टीएसआर या खेळ तयार करणाऱ्या कंपनीचं होतं. १९९७ साली ती कंपनी विझर्ड्स ऑफ द कोस्टने घेतली आणि १९९९ साली विझर्ड्सला हॅस्ब्रोने. वाइस आणि हिकमन यांनी ज्या जगाला जीव दिला, त्यात नवी कथा लिहायची तर त्यांनाही परवानगी लागते. २०२० साली त्यांचा कंपनीशी दावा कोर्टात गेला. नंतर तो मागे घेतला गेला आणि २०२२ साली त्यांची नवी कादंबरी आली. म्हणून अशा पुस्तकावर रागावणाऱ्या वाचकाने एक लक्षात ठेवावं. कथेतला प्रत्येक निर्णय लेखकाचाच असेल असं नाही.

आधी डाव, मग कादंबरी

ड्रॅगनलान्सचं मूळ एका खेळात आहे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा खेळ १९७४ साली आला. तो न पाहिलेल्यांना समजावायचा तर भातुकली आठवावी. 'तू राजा, मी प्रधान, आता शत्रू आला असं समज.' भातुकलीत भांडण होतं ते 'मी तुला मारलं' आणि 'नाही, मी वाचलो' यावर. या खेळात ते भांडण फासा मिटवतो. एक जण कथा सांगतो. बाकीचे एकेका पात्राची भूमिका घेऊन 'मी दार उघडतो', 'मी पळतो' असं सांगतात. ते साधलं की फसलं, हे फासा टाकून ठरतं.

ट्रेसी हिकमन यांना टीएसआरमध्ये नोकरी मिळाली तेव्हा ते पत्नी लॉरा यांच्यासह यूटाहून विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हा गावी गाडीने निघाले. त्या लांबच्या प्रवासात दोघांनी या कथेचा आराखडा मांडला. कंपनीत तिचे खेळाचे भाग तयार होऊ लागले आणि जोडीला कादंबरीही ठरली. आधी ते काम दुसऱ्या लेखकाकडे दिलं होतं, पण ते जमेना. मग कंपनीच्या पुस्तक विभागात संपादक असलेल्या मार्गरेट वाइस आणि हिकमन यांनी ते स्वतःच अंगावर घेतलं. खेळाचा पहिला भाग १९८४ च्या पूर्वार्धात निघाला आणि कादंबरी वर्षअखेरीस.

म्हणजे ही कथा एकाच वेळी दोन भांड्यांत शिजत होती. रेस्टलिनचं उदाहरण घ्या. हा तरुण जादूगार अंगाने दुबळा, सोनेरी कातडीचा. त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या वाळूच्या घड्याळासारख्या. जे पाहील ते काळाने झिजताना त्याला दिसतं. तो नेहमी घोगऱ्या, कुजबुजत्या आवाजात बोलतो. हा आवाज लेखकांच्या टेबलावर सुचलेला नाही. खेळाच्या चाचणीचा डाव चालू असताना रेस्टलिनची भूमिका घेतलेल्या खेळाडूने तो काढला. ऐकणारे थक्क झाले आणि आवाज कादंबरीत आला. हजारो वाचकांना सगळ्यात आवडलेल्या पात्राचा गळा असा एका खेळाडूकडून आलेला आहे.

एक पान, तीन वाचक

पहिली ठिणगी कुठे पडते ते कळायला एक प्रसंग जवळून पाहू. सोलेस नावाचं गाव. तिथली घरं जमिनीवर नसून प्रचंड झाडांच्या फांद्यांवर आहेत आणि झाडाझाडांना झुलत्या पुलांनी जोडलेलं आहे. शरद ऋतू चालू आहे. पाच वर्षांपूर्वी निरोप घेतलेले मित्र वचन पाळून परत भेटायला येत आहेत. टॅनिस हा अर्धा एल्फ, फ्लिंट हा म्हातारा कुरकुऱ्या बुटका, टॅसलहॉफ हा कुणाचीही वस्तू सहज आपल्या पिशवीत टाकणारा चिमुकला केंडर, स्टर्म हा मानाला जपणारा योद्धा, आणि कॅरॅमन व रेस्टलिन हे जुळे भाऊ, एक पहिलवान तर दुसरा काटकुळा. भेटायची जागा म्हणजे झाडावरची एक सराई. तिचा मालक ओटिक याच्या मसालेदार बटाट्यांचा वास सगळीकडे दरवळतो आहे. तिथेच एक स्त्री निळी काठी घेऊन आलेली आहे. सराईतला एक बडा अधिकारी आगीत पडून भाजतो, काठीच्या स्पर्शाने बरा होतो, आणि तिथून सगळ्यांची पळापळ सुरू होते.

या सराईत वाचक तीन दरवाज्यांनी शिरतात.

पहिला वाचक खेळाच्या दरवाज्याने येतो. त्याला लगेच ओळख पटते. टोळीत लढणारा हवा, जादू करणारा हवा, कुलपं उघडणारा हवा, जखमा बऱ्या करणारा हवा. क्रिकेटच्या संघात सलामीवीर, यष्टिरक्षक, फिरकीपटू असतात तसं हे. तो मनाशी हिशेब मांडतो. हे सगळे एकत्र आले, आता डाव सुरू. त्याला ही सुरुवात खुसखुशीत वाटते. टॅसलहॉफवर मात्र याच वाचकांपैकी काही जण डाफरतात, कारण त्यांच्या टेबलावर केंडर झालेला एखादा मित्र सवंगड्यांच्याच वस्तू चोरून डावाचा विचका करत असतो. ज्याने खेळ कधी पाहिलाच नाही, त्याला हेच पात्र गोड, निरागस वाटतं. टॅसलहॉफ तोच, पण एकाला तो पानातून भेटला आणि दुसऱ्याला डावातून.

दुसरी वाचक टोलकीनच्या दरवाज्याने येते. तिला सराई पाहताच टोलकीनच्या ब्री गावातली 'प्रान्सिंग पोनी' आठवते. एल्फ, बुटका, माणूस, छोटा जीव अशी टोळी तिने आधी पाहिलेली असते. तिच्या मनात प्रत्येक परिच्छेदासमोर एक जुना परिच्छेद उभा राहतो. 'उष्टं' हा शब्द तिथून येतो. ती दोन पुस्तकं एकदम वाचत असते आणि त्यांतलं एक फार उंच असतं.

तिसऱ्या वाचकाला मागचं काहीच माहीत नसतं. तो कोऱ्या दरवाज्याने येतो. त्याला ना डाव ठाऊक, ना टोलकीन. त्याला दिसतात पाच वर्षांनी भेटलेले मित्र. या पाच वर्षांत त्या जुळ्या भावाच्या कातडीचं काय झालं? आलेल्या पाहुणीच्या डोळ्यांत भीती का आहे? त्याची उत्सुकता निखळ असते, आणि चौदाव्या वर्षी लागलेलं वेड बहुधा याच दरवाज्याने आलेलं असतं.

जर्मन अभ्यासक हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६० च्या दशकात यासाठी 'अपेक्षांचं क्षितिज' अशी कल्पना मांडली. पुस्तक उघडण्याआधीच आपल्या मनात एक क्षितिजरेषा असते, आधी वाचलेल्या, पाहिलेल्या, ऐकलेल्या सगळ्याची. नवं पुस्तक आपण त्या रेषेवर ठेवून पाहतो. आपल्याकडे अभिनवगुप्ताने हजार वर्षांपूर्वी 'सहृदय' वाचकाचं वर्णन केलं ते याच दिशेचं आहे. काव्याच्या सततच्या सहवासाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला, तो सहृदय. म्हणजे रस नुसता पानावर नसतो. समोरचा आरसा कसा घासला गेला आहे, यावरही तो अवलंबून असतो.

ठिपके कुणाचे, रेघा कुणाच्या

दुसरी ठिणगी पडते ती मोकळ्या जागांवर. कोणतीही कथा म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. लेखक ठिपके देतो, रेघा वाचक ओढतो. 'तो रात्री निघाला आणि सकाळी गावी पोचला' या वाक्यातला रात्रीचा रस्ता कुणीच लिहिलेला नसतो, तरी आपण तो चालून जातो. वोल्फगांग इझर या अभ्यासकाने या मोकळ्या जागांवर बारकाईने लिहिलं आहे. वाचणं म्हणजे अशा जागा भरत जाणं.

एका लेखकाच्या सुट्या कादंबरीत लागणारे ठिपके बहुतेक त्याच पुस्तकात असतात. सामाईक विश्वात काही ठिपके दुसऱ्याच पुस्तकात, नकाशात किंवा खेळाच्या पुस्तिकेत पडलेले असतात. तिथे घोडं अडतं.

याचं ठसठशीत उदाहरण ड्रॅगनलान्सच्याच पहिल्या आणि दुसऱ्या कादंबरीच्या मध्ये आहे. पहिली कादंबरी संपते तेव्हा सुटका झालेले निर्वासित आणि हे मित्र एका किल्ल्यापाशी असतात. दुसरी, 'ड्रॅगन्स ऑफ विंटर नाइट', १९८५ साली आली. ती उघडावी, तर बुटक्यांच्या भूमिगत राज्यातला सगळा प्रवास उरकलेला, आणि खारसचा हातोडा ही मौल्यवान वस्तू मिळालेलीसुद्धा! मधलं एवढं मोठं साहस दोन-चार उल्लेखांत संपलेलं. जे खेळत होते त्यांना काही खटकलं नाही, कारण तो भाग खेळाच्या पुस्तिकांत होता आणि कित्येकांनी तो स्वतः खेळून पार केला होता. नुसती कादंबरी वाचणाऱ्याला मात्र चालत्या गाडीतून डबा निसटल्यासारखं वाटलं. 'मधलं प्रकरण छापायचं राहिलं की काय?' ही तक्रार वर्षानुवर्षं होत राहिली. शेवटी २००६ साली, दोन दशकांनंतर, याच लेखकांनी 'ड्रॅगन्स ऑफ द ड्वार्व्हन डेप्थ्स' लिहून ती जागा भरली.

इथे एकाने म्हटलं 'कथा वेगवान आहे' आणि दुसऱ्याने म्हटलं 'कथा तुटक आहे'. दोघांचंही खरं आहे. एकाकडे सगळे ठिपके होते, दुसऱ्याकडे निम्मे.

मोकळ्या जागेची गोड बाजूही आहे. ओटिकचे बटाटे कसे करतात हे कादंबरीत सांगितलेलं नाही. वाचकांना ते इतके हवेसे वाटले, की १९८७ साली या मालिकेवरच्या एका संग्रहात त्यांची पाककृती छापली गेली आणि लोक घरी ते करून पाहू लागले.

'असं घडलंच नव्हतं'

तिसरी ठिणगी सगळ्यात मोठी. या जगात खरं काय घडलं, हे ठरवायचं कुणी? लेखकाने, कंपनीने की मनाने तिथे राहणाऱ्या वाचकाने? जे अधिकृत मानायचं त्याला या वाचकांत 'कॅनन' म्हणतात. आपण त्याला प्रमाण कथा म्हणू.

१९९९ साली 'स्टार वॉर्स'च्या कादंबऱ्यांत 'व्हेक्टर प्राइम' आली. लेखक तेच, साल्वातोरे. त्यात च्युबाका हे सगळ्यांचं लाडकं पात्र मरतं. लोकांचा राग लेखकावर निघाला, पण मालिकेची दिशा मालक आणि प्रकाशक ठरवत होते. २०१४ साली मालक कंपनीने या जुन्या कादंबऱ्यांना प्रमाण कथेतून बाहेर काढून 'दंतकथा' हे नाव दिलं. २०१५ च्या चित्रपटात च्युबाका जिवंत होता. पंधरा वर्षं ज्या मृत्यूचं दुःख केलं, तो घडलाच नाही असं एका घोषणेने ठरलं. ज्या वाचकाने त्या काळात डझनावारी कादंबऱ्या वाचल्या, त्याचं मत आणि २०१५ नंतर आलेल्याचं मत एकसारखं कसं असेल?

फॉरगॉटन रेल्म्समध्येही असंच झालं. २००८ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ची नवी आवृत्ती आली तेव्हा त्या जगाचा काळ सुमारे शंभर वर्षांनी पुढे ढकलला गेला. ड्रिझ्ट एल्फ, त्याचं आयुष्य मोठं. त्याचे माणूस मित्र मात्र काळाआड गेले. नाराजी मोठी होती. २०१३-१४ मध्ये सहा कादंबऱ्यांची 'द संडरिंग' ही मालिका आणून जगाची घडी पुन्हा बसवली गेली. तिच्या पहिल्याच कादंबरीत ड्रिझ्टचे गेलेले सवंगडी पुन्हा जन्म घेतात. जुन्या वाचकांपैकी काहींना घर परत मिळाल्यासारखं वाटलं, तर काहींना आपण केलेला शोक वाया गेल्यासारखा. आणि त्याच वर्षी पहिल्यांदा या मालिकेत शिरलेल्याला एवढी गडबड कशासाठी चालली आहे तेच कळेना.

मराठी वाचकाला हा वाद परका नाही. कर्णावरच्या कादंबऱ्यांपैकी 'मृत्युंजय' १९६७ साली आली, 'राधेय' १९७३ साली. कर्णावर प्रेम करणाऱ्या आणि त्याच्यावर रागावणाऱ्या वाचकांत 'पण व्यासांनी असं लिहिलेलं नाही' हे वाक्य आजही येतं. मग व्यासांनी नेमकं काय लिहिलं? त्यासाठी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताच्या १,२५९ हस्तलिखितांचा मेळ घालून चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. स्वयंवरात द्रौपदी कर्णाला सूतपुत्र म्हणून नाकारते, हा आपल्या मनात कोरलेला प्रसंग त्या आवृत्तीच्या मूळ पाठात नाही. तो तळटीपेत गेला आहे. तरी लोकांच्या मनातून तो गेलेला नाही. कागदावरची प्रमाण कथा आणि मनातली प्रमाण कथा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सामाईक विश्वातले कडवे वाद होतात ते या दोघींच्या सीमेवर.

एक फरक मात्र विसरू नये. महाभारताचा सातबारा कुणाच्याच नावावर नाही. म्हणून तिथे वाद घालता येतो आणि आपली नवी कथाही लिहिता येते.

जुन्या मेंबरांची खानावळ

आता एक हिशेबाचं कोडं. लांबलचक मालिकांत पुढच्या भागांना मिळणारे सरासरी तारे पहिल्या भागापेक्षा जास्त दिसतात. पुढचे भाग खरंच सरस असतात का?

एखाद्या खानावळीत दहा वर्षं जेवणाऱ्या मेंबरांना 'जेवण कसं आहे' विचारा. चांगलंच म्हणतील. ज्यांना आवडलं नाही ते दुसऱ्याच आठवड्यात डबा बंद करून गेले. त्यांना विचारायला कोण जाणार?

आकडे घालून पाहू. समजा, पहिला भाग १०० जणांनी वाचला. ४० जणांनी ५ तारे दिले, ३० जणांनी ३ आणि ३० जणांनी २. सरासरी आली ३.५. दुसरा भाग वाचायला तेच ४० चाहते आणि ३ तारे देणाऱ्यांपैकी १० जण आले. आता समजा, दुसरा भाग पहिल्यापेक्षा उतरला आहे, म्हणून चाहत्यांनीही ५ ऐवजी ४ तारे दिले आणि बाकी १० जणांनी ३ दिले. सरासरी येते ३.८. पुस्तक घसरलं, चाहत्यांनी तसं नोंदवलंही, तरी आकडा चढला. न आवडलेले वाचक निघून गेले, एवढंच त्याचं कारण.

याच्या उलटही होतं. पुरस्कार मिळालेल्या पुस्तकांना पुरस्कारानंतर वाचकांकडून मिळणारे गुण उतरतात, असं २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. नाव झाल्यामुळे ज्यांच्या आवडीचं ते पुस्तक नाही असेही लोक ते उचलतात. म्हणजे खानावळीची कीर्ती ऐकून गोडं वरण न आवडणारेही पंगतीला येऊन बसतात.

शिवाय पहिल्या मताचं वजन फार असतं. २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. संशोधकांनी लोकांच्या काही लेखी प्रतिक्रियांना, गुणवत्ता न पाहता, सुरुवातीलाच एक अनुकूल मत देऊन टाकलं. अशा प्रतिक्रियांचे शेवटचे गुण सरासरी २५ टक्क्यांनी वाढले. पहिल्याने टाळी वाजवली की दुसऱ्याचे हात आपोआप उचलले जातात.

म्हणून सरासरीकडे पाहण्याआधी ती कुणाची सरासरी आहे हे पाहावं.

वय नावाचा सहलेखक

ज्यांनी लहानपणी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे वाचला, त्यांना ही गोष्ट वेगळी सांगायला नको. बनेश फेणेची सायकल ज्या वेगाने तेव्हा धावली, त्या वेगाने चाळिशीत धावेलच असं नाही. पण पुन्हा वाचताना ती पुस्तकं जिथे वाचली ती खिडकी, ती उन्हाळ्याची सुट्टी परत येते.

ड्रॅगनलान्सचे कित्येक चाहते आता पन्नाशीच्या आसपास आहेत. त्यांच्यापैकी अनेक जण स्वतःच कबूल करतात, की पुन्हा वाचताना पहिल्या कादंबरीची भाषा घडी न मोडलेल्या कापडासारखी कडक वाटली, संवाद ठोकळेबाज वाटले. तरी ते पुस्तक ते मुलांच्या हाती देतात. यात विसंगती नाही. ते दोन गोष्टींबद्दल बोलत आहेत. एक, छापलेली कादंबरी. दुसरी, तिने त्यांना दिलेलं आयुष्यातलं पहिलं मोठं जग. पहिलीला तारे देता येतात. दुसरीला देता येत नाहीत, म्हणून त्या उपकाराचे तारेही पहिलीच्याच खात्यात जमा होतात. हे कळलं की अशा मताची टिंगल करावीशी वाटत नाही.

थोडक्यात: मत वाचताना विचारायचे पाच प्रश्न

१. हा वाचक कुठल्या दरवाज्याने आला? खेळाच्या, दुसऱ्या मोठ्या लेखकाच्या की कोऱ्या?
२. त्याच्याकडे किती ठिपके होते? आधीचे भाग वाचले होते का?
३. राग कशाचा आहे? लेखणीचा, की मालकाने घेतलेल्या निर्णयाचा?
४. सरासरी कुणाची आहे? पहिल्या भागावर सगळ्यांची, की पुढच्या भागावर उरलेल्यांची?
५. हे पुस्तक त्याला कुठल्या वयात भेटलं?

आपली उत्तरं ज्या वाचकाशी जुळतात, त्याचं मत आपल्या कामाचं. खेळ माहीत नाही, टोलकीन वाचलेला नाही, हातात पहिलाच भाग आहे, अशा वाचकाने आपल्यासारख्याच कोऱ्या वाचकाला विचारावं. आणि आवडीचा लेखक दुसऱ्याला सुचवताना आपण स्वतः कुठल्या दरवाज्याने आलो होतो, तेही सांगावं. 'वाच, भारी आहे' याच्यापेक्षा 'मी चौदा वर्षांचा होतो आणि मला काहीच माहीत नव्हतं' हे वाक्य ऐकणाऱ्याच्या जास्त उपयोगी पडतं.

कादंबरीच्या अगदी सुरुवातीला एक छोटा प्रसंग आहे. मित्र अजून यायचे आहेत. सराईत टिका नावाची मुलगी साफसफाई करते आहे. तेवढ्यात तिच्या लक्षात येतं, की एक म्हातारा बाबा न विचारता टेबलं आणि खुर्च्या सरकवतो आहे. तिला त्याचं काय चाललंय ते समजत नाही. संध्याकाळी सगळे जमतात, तो बाबा एका लहान मुलाला जुन्या काळच्या गोष्टी सांगत बसतो, आणि ती रचना कशासाठी होती ते उमगतं. गोष्ट सुरू होण्याआधी बैठक मांडावी लागते. कोण शेकोटीजवळ बसेल, कोण दाराशी, कोणाला सांगणाऱ्याचा चेहरा दिसेल आणि कोणाला नुसता आवाज ऐकू येईल, हे तिथेच ठरतं. दुसऱ्याचं मत वाचताना आधी त्याची खुर्ची शोधावी. शेकोटीजवळ बसलेल्याला उकडलं आणि दाराशी बसलेल्याला थंडी वाजली, म्हणून गोष्ट दोन झाल्या नाहीत.